हाताला कळणारी चरबी

"आधी स्वतःवर प्रयोग करून बघा म्हणावं बाईंना."

बाहेरून आलेले एक परीक्षक हे वाक्य शेजारच्या सरांच्या कानात बोलले, पण आमच्या कॉलेजचा कॉरिडॉर लांब आणि रिकामा आहे, तिथे कानातलं कानात राहत नाही. समोर भिंतीवर आमचं पोस्टर लावलेलं होतं. स्थूलतेवरचं औषध स्निग्ध नॅनोकणांमध्ये भरून थेट चरबीच्या पेशींपर्यंत कसं न्यायचं, असा विषय. मी बर्फाच्या डब्यात सॅम्पलच्या बाटल्या घेऊन दाराशी उभी होते. शेट्ये मॅडम परीक्षकांच्या दोनच पावलं मागे होत्या.

"केला असता हो सर," मॅडम म्हणाल्या. "पण नियमाप्रमाणे प्रयोगाच्या प्राण्याला पिंजऱ्यात ठेवावं लागतं. माझ्या मापाचा पिंजरा तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा."

सगळे हसले. परीक्षकांनाही हसावं लागलं. मग मॅडमनी त्यांना अर्धा तास पोस्टर समजावून सांगितलं, आणि शेवटी परीक्षकांनीच खिशातली डायरी काढून दोन गोष्टी लिहून घेतल्या. ते गेल्यावर मॅडम लॅबमधल्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे गो." अख्खी बाटली प्यायल्या. "शाळेपासून हे असले विनोद ऐकतेय. हा काही त्यातला चांगला नव्हता."

एम. फार्म.ला मी त्यांची विद्यार्थिनी होते. पूर्ण दोन वर्षं होणार होती, ती झाली नाहीत. मॅडम गेल्या त्याला आता आठ महिने झाले.

त्यांचं पूर्ण चरित्र मला माहीत नाही. जन्म रत्नागिरीचा, शिक्षण मुंबईत, आणि "मुंबईत मासे शिळे मिळतात" म्हणून परत आल्या, एवढं त्या स्वतः सांगायच्या. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण शैलाताई आणि त्या मांडवीला राहायच्या. त्यांचा पांढरा एप्रन शिंप्याकडून दोन्ही बाजूंना जादा कापड लावून शिवलेला होता. हातात पुरुषी घड्याळ, आणि दोन्ही मनगटांत एकेक सोन्याची बांगडी. कॉलेजात शिकताना आईने घातलेल्या त्या बांगड्या पुढे निघेनाशा झाल्या होत्या. हातमोजे घालताना त्या बांगडीला दम द्यायच्या, "सरक गो बाई जरा."

स्टाफरूममध्ये बाकीच्या बायका अर्धी पोळी खाऊन डाएटबद्दल बोलायच्या. मॅडम मधोमध बसून घावणे आणि ओल्या नारळाची चटणी खायच्या. "लपून खाल्लेलं अंगी जास्त लागतं," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वजनाबद्दल दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. त्यासाठी त्यांनी एक युक्ती केली होती. दुसऱ्याच्या आधी आपणच बोलून टाकायचं. एसटीत चढताना कंडक्टरला स्वतःच सांगायच्या, "सीट दोघांची आहे, मी एकटीच आहे, पण हिशेब बरोबर बसेल." समोरच्याला मग बोलायला काही उरायचं नाही.

मी अगदी उलट. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलायचे, पण चारचौघांत माझं वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार होतं, मग मी त्याचं मराठी करते, आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. म्हणून मी बघत बसते. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं होतं, "तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?" मला तो वाक्प्रचार माहीत नव्हता. मी खरंच जीभ फिरवून पाहिली. मॅडमना इतकं हसू आलं की त्यांनी टेबल धरलं.

शिकवायच्या मात्र फार सरळ. आमच्या वर्गात एकाने विचारलं, चरबी कमी करायचं औषध चरबीतच का गुंडाळायचं? मॅडम म्हणाल्या, "चरबीच्या घरी कोण जाऊ शकतं? चरबीचेच नातलग. औषध नुसतं दिलं तर ते गावभर फिरतं. हृदयाकडे जातं, धडधड वाढवतं. पोटात जातं, मळमळ करतं. त्याला चरबीची चादर पांघरून पाठवलं, की ती पेशी दार उघडते. आत गेल्यावर चादर काढायची आणि काम सुरू." काम म्हणजे चरबी साठवून ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशीला ती जाळून ऊब करायला शिकवायचं. हे सगळं अजून उंदरांच्या पातळीवर होतं, आणि मॅडम ते कधी वाढवून सांगायच्या नाहीत. "माणसापर्यंत पोचायला माझं आयुष्य पुरणार नाही," असं त्या सहज म्हणायच्या. तेव्हा ते वाक्य मला नुसतं शास्त्रीय वाटायचं.

आमची मोठी अडचण वेगळी होती. बाहेरून मागवलेल्या शुद्ध मेदाचे कण पहिल्या दिवशी सुंदर व्हायचे, निळसर दुधासारखे. दोन आठवड्यांत आतलं औषध बाहेर यायचं आणि बाटलीच्या तळाशी बसायचं. मी रडकुंडीला आले होते. मॅडम बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "कण फार शिस्तीचा झालाय. गोठताना इतका नीटनेटका रचला जातो की औषधाला आत जागाच राहत नाही. फार टापटिपीच्या घरात पाहुणा टिकत नाही गो. थोडा पसारा असलेला मेद शोधायला हवा."

आणि मग त्यांना मुठेल आठवलं. कोकमाच्या बियांतून निघणारा घट्ट मेद. आमच्याकडे थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. मुठीत दाबून त्याचे गोळे करतात म्हणून मुठेल. बाजारातलं कारखान्यात गाळलेलं मॅडमना नको होतं. वेळणेश्वरच्या बाजूला तानीआक्का म्हणून एक म्हातारी अजून हाताने काढते असं कुणीतरी सांगितलं, आणि डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही दोघी निघालो.

जयगडला फेरीबोटीत चढताना मॅडमनी नेहमीप्रमाणे आधीच विचारून टाकलं, "काय हो, मी डावीकडे उभी राहू की मधोमध?" खलाशी गंभीरपणे म्हणाला, "बाई, हितं ट्रक चढतात." मॅडमना ते उत्तर फार आवडलं. तवसाळला उतरून रिक्षा मिळेपर्यंत त्या चार वेळा मला म्हणाल्या, "हितं ट्रक चढतात!"

तानीआक्का अंगणात बसली होती. बारीक, काळी, हात मात्र कोपरापर्यंत तुकतुकीत. वाळवलेल्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेला मेद तिने रात्रभर थंड केला होता आणि आता तो मुठीत घेऊन दाबत होती.

"बस गो बाये. खालीच बस, खुर्ची न्हाय आमच्याकडं."

"बसेन हो आक्का, पण उठवायला गाव बोलवावं लागेल."

"मी हाय ना. म्हशी उठवल्यात म्या."

मॅडम खदखदून हसल्या. त्यांच्या वजनावर दुसऱ्या कुणी केलेल्या विनोदाला त्या हसल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते. तासभर दोघींचं जे बोलणं चाललं त्यात म्हातारी शिकवत होती आणि मॅडम विद्यार्थिनी झाल्या होत्या. आक्काने एक गोळा बाजूला टाकला.

"तो का टाकलात?"

"आत पानी राह्यलंय."

"कसं कळलं?"

"हाताला कळता."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "लिही गो. तापमान नाही, यंत्र नाही. हाताला कळतं." मी वहीत लिहिलं. त्यांची वहीबद्दलची शिस्त कडक होती. दिसलं ते त्याच दिवशी लिहायचं, कारण माहीत नसलं तरी लिहायचं, आणि नकोसं वाटलं म्हणून खोडायचं नाही.

निघताना मॅडमना खरंच उठता येईना. आक्काने मागून त्यांच्या पोटाभोवती दोन्ही हात घातले आणि "ऊठ बाये" म्हणून उचललं. मॅडम उभ्या राहिल्या, हसत हात धुवायला विहिरीकडे गेल्या. आक्का मात्र तशीच उभी होती, स्वतःच्या हातांकडे बघत.

"तुझी कोन ती?" तिने मला विचारलं.

"आमच्या मॅडम."

"तिच्या पोटात काय हाय?"

मला प्रश्नच कळला नाही.

"ती चरबी न्हाय गो. चरबी दाबली की सरते, हाताला वाट देते. जन्म गेला माजा चरबी दाबन्यात. ह्ये घट हाय, दगडावानी. डाक्टरला दाखव म्हनावं."

"तुम्हीच सांगा ना," मी म्हटलं.

"पयल्यांदा दारात आली ती माज्या. मी कसं सांगू? तू तिची ना? तू सांग."

परतीच्या बोटीत मॅडम बाकावर बसल्या होत्या, मांडीवर मुठेलाची पिशवी, एक हात पोटावर. त्या म्हणाल्या, "हल्ली दोन घास खाल्ले तरी पोट भरतं. डाएट आपोआप होतंय." मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. जी बांगडी हातमोज्याला अडायची ती कोपराच्या दिशेने चार बोटं वर सरकली होती. एप्रनची खालची दोन बटणं मात्र महिन्याभरापासून लागत नव्हती. हात बारीक होत होते आणि पोट मोठं होत होतं. दोन्ही गोष्टी मी आधीच पाहिल्या होत्या, फक्त शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या. मी वाक्य जुळवायला सुरुवात केली. मॅडम, तुम्ही एकदा डॉक्टरांना. मॅडम, ती म्हातारी म्हणत होती.

"काय गो? काय म्हणतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "वारा फार आहे."

डॉक्टर हा विषय त्यांच्याकडे काढणं सोपं नव्हतं. त्यांनीच आम्हाला कितीदा रंगवून सांगितलं होतं. घसा बसला म्हणून गेले, डॉक्टर म्हणाले वजन कमी करा. पायाच्या बोटावर बाटली पडली, बोट मोडलं, एक्स-रे बघता बघता म्हणाले वजन कमी करा. "कानात मळ झाला तरी हेच सांगतील. मग मी जाणंच सोडलं. तेवढंच ऐकायचं तर घरी शैला आहे." आम्ही पोट धरून हसायचो. त्या दिवाळीच्या आधी पोट दुखतं म्हणून एकदा गेल्याही होत्या. काय सांगितलं असं आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "ओळखा बघू." आम्ही सगळ्यांनी एका सुरात ओळखलं. त्या सुरात मीही होते.

मुठेलाचे कण जमले. त्यात थोडं पातळ तेल मिसळलं, आणि मॅडमना हवा होता तसा पसारा झाला. पहिला महिना औषध आत राहिलं. मॅडम रोज सकाळी आल्या आल्या बाटली उलटी करून तळ बघायच्या आणि म्हणायच्या, "पाहुणा आहे अजून."

जानेवारीत कॉलेजात सगळ्यांच्या लक्षात आलं. चेहरा उतरला होता, गळ्याची हाडं दिसायला लागली होती. स्टाफरूममध्ये एकच गलका. "मॅडम, काय बारीक झालात!" "आम्हालाही सांगा की!" एक सर म्हणाले, "उंदरांचं औषध पळवताय वाटतं." ती अफवा मग मुलांमध्येही पसरली, की शेट्ये मॅडम स्वतःचंच औषध घेतायत आणि ते लागू पडलंय. मॅडमनी कधी नाही ते नवे दोन ड्रेस शिवले. त्या रंगल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विनोदाची घाई करावी लागत नव्हती.

मी ठरवलं होतं, आज बोलायचं. सुरुवात कशी करायची तेही ठरवलं होतं. आधी बारीक झालात असं म्हणायचं, मग इतकं अचानक कसं असं विचारायचं, मग पोटाचं, मग आक्काचं, मग सोनोग्राफी. मी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. मॅडम लॅबमध्ये काचेची भांडी पुसत होत्या. मी जवळ गेले.

"मॅडम, तुम्ही बारीक झालात."

त्यांनी मान वर केली. मी कधी आपणहून बोलायची नाही, त्यामुळे त्यांना इतका आनंद झाला होता की हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं. "तूसुद्धा म्हणतेस? तू तर उगाच बोलणारी नव्हेस. खरंच?" त्यांचे डोळे असे चमकले होते, जसे नवीन फ्रॉक घातलेल्या मुलीचे चमकतात.

पुढची सगळी वाक्यं माझ्या तोंडात होती.

"छान दिसताय," मी म्हटलं.

त्या दिवशी मी वहीत तारीख घातली आणि खाली काही लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये त्या लॅबमध्ये चक्कर येऊन पडल्या. कोल्हापूरला नेलं. अंडाशयात गाठ होती, पोटभर पसरलेली, आणि पोटात पाणी. शैलाताई फोनवर सांगत होत्या, डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच बंद केलं. स्टाफरूममध्ये कुणी तरी म्हणालं, "तरी मी म्हणत होते, इतकं पटापट वजन उतरणं बरं नाही." कुणीही तसं म्हणालं नव्हतं. मी टिफिन बंद केला आणि लॅबमध्ये जाऊन बाटल्या मोजत बसले.

मॅडमना घरी आणल्यावर मी मांडवीला जायला लागले. दर शनिवारी. शैलाताई दार उघडायच्या, आणि मी खुर्चीवर बसून आठवड्याचे आकडे वाचून दाखवायची. कधी मॅडम ऐकत, कधी झोपून जात. शेजारच्या एक काकू एकदा खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "ओळखूच येत नाहीत हो, किती सडपातळ झाल्या." शैलाताईंनी खिडकीचा पडदा ओढला.

शेवटचं मी त्यांना जुलैमध्ये पाहिलं. बाहेर पाऊस नुकता थांबला होता. त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. बांगड्या शैलाताईंनी काढून ठेवल्या होत्या, आता त्या आपोआप निघत होत्या. मनगटावर तेवढा पट्टा उजळ राहिला होता. मी सहा महिन्यांचा निकाल घेऊन गेले होते. औषध अजून कणांच्या आतच होतं, तळाशी काहीच नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा नव्हता तरी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"आक्काला कळव," त्या म्हणाल्या. आवाज फार बारीक होता. "म्हणावं, तुमच्या हातचं टिकलं. आणि पेपरमध्ये तिचं नाव खाली आभारात घालू नको. वर घाल, आपल्याबरोबर."

"हो."

थोडा वेळ त्या डोळे मिटून पडल्या. मला वाटलं झोपल्या. मी पिशवी उचलली, तशा म्हणाल्या, "बस. शैलाला जरा समजाव. सारखी स्वतःला दोष देते. म्हणते, एका घरात राहून मला कसं कळलं नाही." त्यांनी चादरीवरून पोटावर हात ठेवला. "मी तिला म्हटलं, बाई, जन्मभर मी चरबीवर काम केलं, हे पोट चोवीस तास माझ्याजवळ होतं, आणि मी समजले चरबी. मला नाही कळलं, तिथे दुसऱ्या कुणाला काय कळणार? कुणालाच कळलं नाही गो. कुणाचा दोष नाही. तूही मनाला लावून घेऊ नको."

त्यांनी माझा हात धरला होता. त्यांच्या हाताला वजनच नव्हतं. "बरं," एवढंच म्हणून मी उठू शकले असते. त्यांना तेच हवं होतं, आणि स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, म्हणजे शैलाताई इतक्यात चहा घेऊन येणार होत्या. या वेळी मला वाक्य आधी इंग्रजीत करावं लागलं नाही.

"मला कळलं होतं, मॅडम."